कृपणाची पेटी आणि मुलांचे बंड

बाप मुलीचे लग्न ठरवून मोकळा होतो. वर पन्नाशीच्या घरातला आहे. सधन आहे, प्रौढ व विचारी म्हणून त्याचा लौकिक आहे. मुलगी लवून नमस्कार करते आणि आपल्याला लग्न कर्तव्य नाही असे नम्रपणे सांगते. बापही तिच्यासारखाच लवून, तिचीच नक्कल करीत, लग्न आज संध्याकाळीच होणार असे तितक्याच नम्रपणे सांगतो. वाद मिटेना तेव्हा दोघेही घरच्या कारभाऱ्याला पंच नेमतात. कारभारी पेचात सापडतो, कारण तो त्या मुलीचा प्रियकर आहे आणि केवळ तिच्या सहवासासाठी कुळ व नाव लपवून या घरी चाकरीला राहिला आहे. तो बापाची बाजू घेतल्यासारखे करून हळूच एकेक आक्षेप काढतो. वयातील अंतर, मुलीचे मन, जन्मभराचे सुखदुःख. प्रत्येक आक्षेपाला बापाचे उत्तर एकच: वर हुंड्याशिवाय मुलगी नेतो आहे. चार वेळा आक्षेप आणि चार वेळा तेच उत्तर. अखेर कारभारी हात टेकतो आणि म्हणतो की या मुद्द्यापुढे बोलायला जागाच नाही.

पॅरिसच्या पाले-रोआयाल रंगमंदिरात ९ सप्टेंबर १६६८ रोजी मोलिएरचे 'लाव्हार' हे पाच अंकी गद्य नाटक प्रथम रंगभूमीवर आले, त्याच्या पहिल्या अंकातील हा प्रवेश आहे. इंग्रजीच्या द्वारे 'मायझर' या नावाने ते आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. बापाचे नाव आर्पागाँ. त्याची भूमिका स्वतः मोलिएरने केली होती, आणि त्या सुमारास त्याला जडलेला खोकलाही त्याने भूमिकेत सामावून घेतला होता. प्रथम प्रयोगांना प्रेक्षकांनी फारसा आश्रय दिला नाही. नंतरच्या तीन शतकांत मात्र फ्रेंच रंगभूमीवर सतत होत आलेल्या नाटकांत त्याची गणना होऊ लागली.

कृपणाचे चित्रण म्हणून हे नाटक वाचण्याची व शिकवण्याची प्रथा आहे. बागेत पुरलेली दहा हजार सुवर्णनाण्यांची पेटी, ती चोरीला गेल्यावर आर्पागाँने स्वतःचाच हात चोराचा समजून पकडणे, प्रेक्षागृहातील प्रत्येकावर संशय घेणे, हे प्रसंग कोणत्याही काळच्या प्रेक्षकाला हसवतील असेच आहेत. परंतु नाटकाचा खरा ताण पेटीभोवती नाही. तो एलीझ आणि क्लेआंत या आर्पागाँच्या दोन मुलांभोवती आहे. आई निवर्तलेली, बाप जिवंत, आणि हातात स्वतःची म्हणावी अशी एक दमडी नाही, अशा अवस्थेत प्रेमात पडलेल्या तरुण माणसांनी करावे काय, हा या नाटकाने उभा केलेला प्रश्न आहे. कृपणपणा हा त्या बापाचा दोष झाला. पण त्याच्या हाती असलेली सत्ता त्याच्या दोषातून आलेली नाही. ती त्याला कायद्याने दिलेली आहे.

कायदा बापाच्या बाजूचा

मोलिएरच्या प्रेक्षकांना हे वेगळे सांगावे लागत नव्हते. दुसऱ्या आंरीने १५५६ साली काढलेल्या राजाज्ञेने तीस वर्षांखालील मुलाने आणि पंचवीस वर्षांखालील मुलीने आईबापांच्या संमतीशिवाय लग्न केल्यास त्यांना वारसाहक्कातून वगळण्याची मुभा दिली होती. १५७९ च्या ब्लोआ येथील वटहुकुमाने आणखी पुढे जाऊन, पंचवीस वर्षांखालील मुलामुलीला लग्नाच्या मिषाने आईबापांच्या संमतीवाचून फूस लावणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली. १६३९ साली तेराव्या लुईने ही बंधने अधिक आवळली. गंमत अशी की, कॅथलिक धर्मसत्ता या बाबतीत राजसत्तेइतकी कठोर नव्हती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली, आईबापांच्या संमतीशिवाय झालेले लग्न केवळ तेवढ्या कारणासाठी अवैध मानता येणार नाही असा निर्णय दिला. तिला असे लग्न पसंत नव्हते, पण वधूवरांची परस्परसंमती हा विवाहसंस्काराचा गाभा असल्याने तिला तसे म्हणणे भागच होते. फ्रेंच प्रतिनिधींनी तेथे नेमकी उलट मागणी केली होती. ती मान्य झाली नाही, आणि फ्रान्सच्या राजांनी त्या परिषदेचे निर्णय आपल्या राज्यात कधी अधिकृतपणे लागूच केले नाहीत. धर्माने मुलांना ठेवलेली फट राजाने बुजवली. घराण्याची मालमत्ता एका तरुण हृदयाच्या लहरीवर सोडण्यास कोणताही सरदार वा सावकार तयार नव्हता, आणि राजाला हीच माणसे हवी होती.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे पाचव्या अंकातील एक प्रवेश निराळाच वाटू लागतो. व्हालेरने, म्हणजे कारभाऱ्याच्या वेषातील त्या प्रियकराने, एलीझबरोबर एकमेकांना लग्नाचे लेखी वचन दिले आहे. ते कळताच आर्पागाँ मुलीला चार भक्कम भिंतींची आणि त्याला फासाच्या खांबाची धमकी देतो. आजचा प्रेक्षक हे संतापी म्हाताऱ्याचे बरळणे समजून हसतो. १६६८ चा प्रेक्षकही हसला असेल. पण मठाच्या भिंती खऱ्या होत्या आणि त्या खांबामागे ब्लोआचा वटहुकूम उभा होता, हे त्याला ठाऊक होते. रंगभूमीवरचा बाप अतिशयोक्त आहे, त्याची सत्ता अतिशयोक्त नाही.

मुलाची भर

मोलिएरने कथानकाचा सांगाडा प्लाउटस या रोमन नाटककाराच्या 'औलुलारिया' या नाटकावरून घेतला. तेथेही सोन्याचे भांडे आहे, ते सापडल्यापासून झोप उडालेला म्हातारा आहे, आणि त्याच्या मुलीला हुंड्याशिवाय मागणी घालणारा सधन, वयस्क शेजारी आहे. परंतु प्लाउटसचा म्हातारा मुळात गरीब आहे. आयुष्यभर दारिद्र्य पाहिलेल्या माणसाला अवचित धन सापडल्यावर जे भय वाटेल ते त्याला वाटते. त्याची मुलगी तर रंगमंचावर येतच नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्याला मुलगा नाही. मोलिएरने म्हाताऱ्याला श्रीमंत केले, त्याला गाडीघोडे दिले, नोकरचाकर दिले, चोरटी सावकारी दिली आणि एक तरुण मुलगा दिला. ही भर घालताच विनोदाचा रंग बदलला. म्हातारा आता धनाला जपत नाही, तो धन आणि मुलगा यांना समोरासमोर उभे करतो.

क्लेआंतचे प्रेम मारियान या मुलीवर आहे. ती गरीब आहे, आजारी आईची सेवा करीत राहते. आपल्याला जे जुळवायचे आहे ते बापाच्या संमतीने जुळणार नाही हे क्लेआंतला कळते, आणि वेळ पडल्यास तिला घेऊन दूर निघून जाण्याची तो तयारी करतो. त्यासाठी पैसा हवा. सिमाँ नावाच्या दलालामार्फत तो पंधरा हजारांच्या कर्जाची बोलणी लावतो. सावकाराने आपले नाव गुप्त ठेवले आहे, ऋणकोनेही ठेवले आहे. क्लेआंतचा नोकर ला फ्लेश अटींचा कागद वाचून दाखवतो. व्याजाचा दर प्रारंभी शेकडा साडेपाचाच्या आसपास आहे, म्हणजे अगदी सभ्य. पण सावकाराजवळ म्हणे रोकड नाही. त्याला ती दुसऱ्याकडून शेकडा वीसने उचलावी लागणार, आणि तो भार ऋणकोनेच सोसायचा. बेरीज पंचवीस टक्क्यांच्या वर जाते. बरे, पंधरा हजारही पुरते हातात येणार नाहीत. बारा हजार रोख, आणि उरलेल्या तीन हजारांऐवजी जुन्या सामानाची यादी. पलंग, चित्रविचित्र पडदे, बंदुका, विटांची भट्टी, जवळजवळ सर्व तारा शाबूत असलेले तंतुवाद्य, सोंगट्यांचे पट, आणि छताला टांगण्याजोगी, गवत भरलेली साडेतीन फूट लांब सरड्याची कातडी! कर्जबाजारी माणसाची अगतिकता या यादीइतकी नेमकी फार थोड्या ठिकाणी टिपली गेली असेल. अडलेल्याला देणारा काय देतो, याचा अनुभव ज्यांनी पतपेढीच्या किंवा पठाणाच्या दारात घेतला आहे त्यांना ही यादी वाचून नुसते हसू येणार नाही.

दुसरीकडे सिमाँ सावकाराला ऋणकोची पत सांगत असतो. मुलगा मोठ्या घरचा आहे, आई वारलेली आहे, आणि बापही आठ महिन्यांच्या आत मरेल अशी हमी द्यायला तो तयार आहे. सावकार समाधानाने म्हणतो की दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हा भूतदयेचा भाग आहे. इतक्यात दोघे समोरासमोर येतात. सावकार आर्पागाँ आहे, ऋणको क्लेआंत आहे. ज्याच्या मरणाची हमी घेऊन धंदा ठरत होता तो स्वतःच त्या हमीवर संतुष्ट होता.

या प्रसंगाची कल्पना मोलिएरची स्वतःची नव्हे. बोआरोबेर या नाटककाराच्या १६५५ सालच्या एका सुखात्मिकेत सावकार बाप आणि कर्ज काढणारा मुलगा असेच समोर येतात. परंतु तेथे जो एक गमतीचा योगायोग होता तो येथे सबंध नाटकाचा कणा झाला. बाप मुलाला उधळपट्टीबद्दल फटकारतो, मुलगा बापाला व्याजबट्ट्याबद्दल. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच दोघांनाही बोलण्याचा अधिकार राहिलेला नाही. यापूर्वी पहिल्या अंकात आर्पागाँने मुलाच्या भरजरी कपड्यांचा हिशेब विचारला होता. जुगारात जिंकलेल्या पैशावर ते शिवले असे कळल्यावर त्याचा राग जुगारावर नव्हता. जिंकलेला पैसा व्याजाने लावला नाही, एवढीच त्याची तक्रार होती. बापाने मुलाला आयुष्यात दिलेला हा एकमेव उपदेश आहे.

आणि बाप केवळ मुलाचा सावकार नाही, तो त्याचा प्रतिस्पर्धीही आहे. साठी उलटलेल्या आर्पागाँलाही मारियानच हवी आहे. मुलीला 'हुंड्याशिवाय' देण्यात धन्यता मानणारा हा गृहस्थ स्वतः वर झाल्याबरोबर मध्यस्थ बाईला वधूची आई काय देणार हे विचारायला विसरत नाही. मध्यस्थ फ्रोझीन चतुर आहे. मुलगी खाण्यापिण्यात साधी आहे, तेव्हा वर्षाचे तीन हजार वाचले. तिला नटण्यामुरडण्याची हौस नाही, चार हजार वाचले. ती जुगार खेळत नाही, पाच हजार वाचले. म्हणजे वर्षाला बारा हजारांचा हुंडाच आला! आर्पागाँला हिशेब चुकीचा वाटत नाही, फक्त या हुंड्याची पोच लिहून देता येत नाही एवढेच त्याचे दुःख. लग्नाच्या बैठकीत घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची तत्त्वे एकाच माणसाच्या तोंडी किती सहज बदलतात, हे पाहण्यासाठी वस्तुतः फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही.

खोटे बोलण्याची शाळा

आता मुलांच्या बंडाकडे पाहावे. बंड म्हटले की बाणेदार उत्तरे आणि उघड नकार डोळ्यांसमोर येतात. मोलिएरच्या नाटकात तसे फार थोडे आहे. एलीझ एकदा स्पष्ट नाही म्हणते, क्लेआंत एकदा बापासमोर ताठ उभा राहतो. बाकी सर्व काम खोटे बोलून चालते. व्हालेर तर खोटेपणाचा आचार्यच आहे. माणसाला वश करायचे तर त्याच्या दोषांची स्तुती करावी, असा त्याचा सिद्धांत आहे आणि तो त्याला फळतोही. एलीझशी कुजबुजत असता आर्पागाँ अचानक येताच तो क्षणात सूर बदलून तिला आज्ञापालनाचे धडे देऊ लागतो. म्हातारा इतका खूष होतो की मुलीवरचा आपला सर्व अधिकार तो व्हालेरच्या हवाली करतो! पितृसत्तेला फसवण्याचा सोपा मार्ग तिची भाषा बोलणे हा आहे, हे प्रेक्षकाला कळते आणि तो टाळ्या देतो. परंतु त्याच घरात झाक नावाचा एक नोकर आहे. खर्च वाचावा म्हणून आर्पागाँने त्यालाच स्वयंपाकी आणि गाडीवान अशा दोन्ही कामांवर ठेवले आहे. कोणाशी बोलायचे आहे हे विचारून तो त्याप्रमाणे अंगरखा बदलतो. लोक तुमच्याविषयी काय बोलतात असे मालकाने विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सर्व सांगितले. बक्षीस म्हणून मार मिळाला. थोड्याच वेळात व्हालेरनेही त्याला बडवले. यापुढे खरे बोलायचे नाही असे ठरवून तो मोकळा होतो, आणि पाचव्या अंकात त्याने सूडबुद्धीने केलेल्या खोट्या आरोपामुळेच व्हालेर संकटात सापडतो.

प्रेमिकांवरील सहानुभूतीमुळे झाकच्या या माराकडे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक त्या घराची अवस्था त्याच्या पाठीवरच सर्वांत स्पष्ट उमटलेली आहे. जेथे एका माणसाच्या हाती सर्व चाव्या असतात तेथे मुलगा चोरून कर्ज काढतो, मुलगी चोरून वचन देते, भला तरुण खुशमस्कऱ्या होतो आणि खरे बोलणारा नोकर शहाणा होतो. बापही त्यातून सुटत नाही. मुलाच्या मनातले काढून घेण्यासाठी आर्पागाँ मारियानचा नाद सोडल्याचे सोंग करतो. क्लेआंत भोळेपणाने प्रेमाची कबुली देतो आणि सापळा मिटतो. त्या भांडणाच्या शेवटी बाप मुलाला शाप देतो. मुलगा सांगतो की बापाने दिलेल्या कोणत्याही वस्तूची त्याला गरज नाही. यानंतर पेटी चोरीला जाते. ती ला फ्लेशने उचललेली असते आणि क्लेआंत तिचा उपयोग करून घेतो.

याच उत्तरावरून रूसोने मोलिएरला धारेवर धरले. दालांबेरला १७५८ साली लिहिलेल्या सुप्रसिद्ध पत्रात त्याने विचारले की कृपण असणे, व्याजबट्टा करणे हा दोष खराच; पण मुलाने बापाची चोरी करावी, त्याचा अवमान करावा आणि त्याच्या शापाची थट्टा करावी हा त्याहून मोठा दोष नव्हे काय? आणि असा उद्धट मुलगा प्रेक्षकांचा लाडका होत असेल तर ते नाटक दुराचाराची शाळाच ठरणार नाही काय? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. शिक्षकांच्या खोलीत आजही तो वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. पितृधर्माची ही कैफियत मांडणाऱ्या रूसोने आपली पाचही अपत्ये अनाथालयात सोडली होती, हे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तरी वकिलाच्या वर्तनाने खटला निकालात निघत नाही.

उत्तर शोधायचे तर ते गटेच्या उद्गारात सापडते. एकरमानशी १८२५ साली बोलताना त्याने या नाटकाला उच्च अर्थाने शोकात्म म्हटले, कारण यात दुर्गुणामुळे बाप आणि मुलगा यांच्यातील सर्व निसर्गसिद्ध भक्तिभाव नष्ट होतो. जर्मन रूपांतरात मुलाऐवजी एखादा नातेवाईक घातला की नाटक दुबळे होते, अशीही त्याची तक्रार होती. रूसोला क्लेआंत अपराधी दिसला, गटेला तो घडवला गेलेला दिसला. मोलिएरने मुलाला निर्दोष ठेवले असते तर बापाची सत्ता केवळ जाचक ठरली असती. ती बिघडवणारी आहे, हे दाखवायचे तर मुलगा बिघडलेला दाखवणे भाग होते. रूसोचे निरीक्षण अचूक आहे. चूक आहे ती एवढीच की त्याने परिणामाला शिकवण समजले.

मोलिएर स्वतः कशाच्या बळावर हे लिहीत होता, हेही पाहण्याजोगे आहे. त्याचा बाप झाँ पोक्लँ हा राजाच्या पदरी गाद्या, पडदे, बैठकीचे सामान पुरवणारा मानाचा कारागीर-व्यापारी. हे पद थोरल्या मुलाकडे यावयाचे होते. १६४३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मुलाने त्यावरील हक्क सोडला, आईच्या वारशापैकी ६३० लिव्हर घेतले आणि नाटक मंडळी काढली. नट म्हणजे त्या काळी धर्मबहिष्कृत माणूस. मंडळी बुडाली आणि १६४५ साली कर्जापायी मोलिएर तुरुंगात गेला. पुढे त्या देण्यांची फेड करण्यास बापानेच हातभार लावला. आर्पागाँ हा काही झाँ पोक्लँ नव्हे. मात्र 'लाव्हार' रंगभूमीवर आले त्याच १६६८ सालात म्हाताऱ्या बापाला घराच्या बांधकामासाठी पैशाची निकड होती, आणि त्याला दहा हजार लिव्हरचे कर्ज मिळाले. कागदोपत्री धनको होता झाक रोओ हा भौतिकशास्त्रज्ञ. तो मोलिएरचा मित्र. पैसा मोलिएरचा होता. बापाला संकोच वाटू नये म्हणून मुलाने आपले नाव झाकले. नाटकातला बाप नाव लपवून मुलाला नाडतो. नाटककार मुलगा त्याच साली नाव लपवून बापाची अडचण भागवतो. पुढच्या फेब्रुवारीत झाँ पोक्लँ वारला.

शेवटी जिंकले कोण?

क्लेआंत आणि एलीझ यांची लग्ने शेवटी होतात ती त्यांच्या बंडामुळे नव्हे. क्लेआंत पेटी परत देण्याच्या बदल्यात मारियान मागतो, हा एक सौदा झाला. पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण वधूकडून काही मिळणार नाही हे आर्पागाँला अजून खुपतेच. गाठ सुटते ती आन्सेल्ममुळे. एलीझसाठी ठरवलेला हा पन्नाशीचा वर मूळचा नेपल्सचा सरदार निघतो. जहाजफुटीत हरवलेली त्याची मुले म्हणजेच व्हालेर आणि मारियान. क्षणात नवरदेवाचा सासरा होतो. आर्पागाँ आपल्याजवळ मुलांच्या लग्नाला पैसा नसल्याचे सांगतो. आन्सेल्म दोन्ही लग्नांचा खर्च उचलतो. टीकाकारांनी या शेवटाला ओढूनताणून आणलेला म्हटले आहे, आणि तो तसा आहेच. पण मोलिएरला दुसरा शेवट सुचला नसेल असे मानणे कठीण. एका बापाच्या मुठीतून मुले सुटली ती दुसऱ्या, अधिक उदार बापाच्या थैलीमुळे. सत्ता तशीच राहिली. तिचा धनी बदलला. फ्रान्समध्ये कायद्याने हे बदलायला १७९२ साल उजाडावे लागले, जेव्हा राज्यक्रांतीने एकविसाव्या वर्षापासून वधूवरांना स्वतंत्र मानले. आणि तेही फार टिकले नाही. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने मुलाला पुन्हा पंचविसाव्या वर्षापर्यंत संमतीच्या दावणीला बांधले, आणि आईबापांत मतभेद झाल्यास बापाची संमती पुरेशी ठरवली.

मराठी रंगभूमीने मोलिएरला फार पूर्वीच आपलेसे केले. हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' त्याच्याच नाटकावरून आले. देवलांच्या 'संशयकल्लोळ'चे मूळ मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या द्वारे मोलिएरपर्यंत पोहोचते. आर्पागाँला तर आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक'मध्ये मराठी पागोटे घातले. पण एलीझची खरी मराठी भगिनी शोधायची तर ती रूपांतरात नव्हे, देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकात सापडते. त्याचा मोलिएरशी काही संबंध नाही. कांचनभट पैशासाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला देऊ करतो; आर्पागाँ पैसा वाचावा म्हणून देतो. एकाच्या वहीत रक्कम जमेला आहे, दुसऱ्याच्या वहीत ती खर्चातून वगळलेली आहे, एवढाच फरक. शारदेला निदान आई आहे, पण तिचे काही चालत नाही. आणि शारदेचे ते लग्न मोडते तेही मुलीची इच्छा नाही म्हणून नव्हे, वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीला आल्यामुळे! देवलांसारख्या सुधारक वृत्तीच्या नाटककारालाही तिच्या नकाराला स्वतःचे बळ आहे असे दाखवता आले नाही. शास्त्राचा आधार घ्यावाच लागला. दोन सज्ञान व्यक्तींनी ठरवलेल्या लग्नाला कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निःसंदिग्धपणे सांगितले, आणि सांगावे लागले ते अशी लग्ने करणाऱ्यांच्या हत्यांच्या संदर्भात.

नाटकाचा अगदी शेवटचा तुकडा प्रयोगात अनेकदा घाईने उरकला जातो. दोन्ही लग्ने ठरली आहेत, बहीणभाऊ भेटले आहेत. आर्पागाँ लग्नासाठी आपल्याला एक नवा पोशाख आन्सेल्मने शिवून द्यावा अशी अट घालतो. ती मान्य होते. मंडळी निघणार, इतक्यात चोरीचा जबाब लिहून घेणारा अंमलदार आडवा येतो. इतके कागद काळे केले, त्यांचा मेहनताना कोण देणार? आर्पागाँ खोटी साक्ष देणाऱ्या झाककडे बोट दाखवतो आणि पैशाऐवजी याला फाशी द्या म्हणतो. खरे बोललो तर मार मिळतो आणि खोटे बोललो तर फास, अशी झाकची रास्त तक्रार असते. त्याला क्षमा करा अशी विनंती होते. मग अंमलदाराचे पैसे? तेही आन्सेल्मच देतो. तो मुलांना घेऊन त्यांच्या आईकडे जायला निघतो, आणि आर्पागाँ आपल्या पेटीकडे.